भुऱ्याची शुगर सकाळी ९६ आणि संध्याकाळी ४३०, काहीच ताळमेळ नाही. कुणाच्या मांजराला इन्सुलिन चालू आहे का? (सोलापूर)

भुऱ्याची माय | १८ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, एवढं लांब पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. आमचा भुऱ्या, बोका, साडेअकरा वर्षांचा, नसबंदी झालेला. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. संक्रांतीच्या गड्डा जत्रेच्या सुमारास लक्षात आलं की हा पाणी फार पितोय, म्हणजे स्वतःची वाटी संपवून बाथरूममधल्या बादलीत तोंड घालतोय, ट्रेमधली माती सकाळ-संध्याकाळ चिखल होतेय आणि खाऊन खाऊन वजन मात्र सहा किलो दोनशेवरून पाच दोनशेवर आलं. मग मागचे पाय. तो टाचा टेकवून चालायला लागला, सशासारखा, आणि खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायच्या आधी बराच वेळ नुसता वर बघत बसायचा. डॉक्टरांकडे नेलं तर शुगर ४८६, लघवीतही साखर. ताणामुळेसुद्धा मांजराची शुगर चढते म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामीन (मागच्या काही आठवड्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतलं, ते पण वाढलेलं. म्हणजे डायबेटिसच.

२६ मार्चपासून ग्लार्जिन इन्सुलिन चालू आहे, १ युनिट सकाळी ७ आणि १ युनिट संध्याकाळी ७. सकाळचं मी देते. संध्याकाळी माझी ड्यूटी असते म्हणून आमचे हे देतात. घरी माणसांच्या ग्लुकोमीटरवर कानातून रक्त घेऊन बघतो, ते जमायला लागलंय.

पण रीडिंग बघा. सोमवारी सकाळी ३५२, संध्याकाळी ४१८. मंगळवारी सकाळी ११४, संध्याकाळी ४०५. बुधवारी सकाळी ९६ आली म्हणून मी घाबरून इंजेक्शन दिलंच नाही, तर संध्याकाळी ४३०. काल जास्त होती म्हणून यांनी दीड दिलं, आज सकाळी ८८. मी परत अर्धाच दिला. मागच्या दोन आठवड्यांच्या वहीतही असंच आहे, आकडा बघायचा आणि त्याप्रमाणे कमीजास्त करायचं. माझ्या सासऱ्यांना, अण्णांना, वीस वर्षं डायबेटिस आहे, त्यांचं असंच चालतं म्हणून आम्हीही तसंच करतोय.

डॉक्टर चांगले आहेत पण त्यांच्याकडे गर्दी असते, प्रत्येक आकड्याला फोन करणं बरं वाटत नाही. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. झोप उडालीये माझी.

तीन मांजरांचं घर | १९ एप्रिल, सकाळी ६:५५

ताई, आधी एक मोठा श्वास घ्या. मी पुण्याची, माझ्या बोक्याला २०१९ मध्ये निघाला होता, त्यामुळे तुमचं एक एक वाक्य माझ्या घरातलं वाटतंय. ते टाचा टेकवून चालणं शुगरमुळे नसांवर परिणाम झाल्याने असतं. शुगर ताब्यात आली की बहुतेक सुधारतं, पण आठवडे-महिने लागतात, उद्या बघून नाराज होऊ नका.

सगळ्यात आधी, रोज डोस बदलणं आजपासून बंद. ग्लार्जिन असं हळूहळू काम करणारं आहे की आजच्या डोसचं खरं उत्तर आज मिळतच नाही, अंगात बसायला पाच-सात दिवस लागतात. तुम्ही बुधवारी नाही दिलं, गुरुवारी दीड, शुक्रवारी अर्धं, मग वहीत जे दिसतंय ती भुऱ्याची शुगर नाही, तुमच्या धावपळीची नोंद आहे. हे मी रागावून नाही म्हणत, मी स्वतः हेच महिनाभर केलं आणि आमचा जीव जाता जाता वाचला. अण्णांचं जेवणाआधीचं इन्सुलिन वेगळं आणि हे वेगळं.

डोस वाढवायचा की नाही हे इंजेक्शनच्या वेळच्या मोठ्या आकड्यावरून ठरत नाही, मधल्या वेळेत सगळ्यात खाली कुठे गेली त्यावरून ठरतं. त्यासाठी एक दिवस दर दोन तासांनी बारा तास बघावं लागतं, त्यालाच कर्व्ह म्हणतात. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० च्या दरम्यान पाहिजे. तुमच्याकडे फक्त सकाळ-संध्याकाळचे आहेत, मधे काय होतंय ते अंधारातच आहे.

आणि सकाळी इतकी कमी असताना पूर्ण डोस न देण्यात तुमची चूक नाही. आमच्या डॉक्टरांनी १५० ची रेघ आखून दिली होती, त्याखाली असेल तर फोन केल्याशिवाय सुई नाही. तुमच्या डॉक्टरांकडून तुमची रेघ विचारून घ्या.

जांभूळ | १९ एप्रिल, सकाळी ९:२०

आमच्या काकांची शुगर कारल्याच्या रसाने आणि जांभळाच्या बियांच्या पुडीने खूप खाली आली. दुधात चिमूटभर घालून बघा, नुकसान तर नाही.

परळची विद्यार्थिनी | १९ एप्रिल, सकाळी १०:०५

@जांभूळ, भावना कळते पण मांजराला कृपया नको. मी मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतेय, चौथ्या वर्षाला. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे, त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेजसुद्धा नसतं. कडू पूड घातली की आधी ते खाणं सोडणार, आणि इन्सुलिनवरचं मांजर उपाशी राहणं हाच सगळ्यात मोठा धोका. शिवाय दूध तर बंदच करायचंय.

भुऱ्याची माय, तुमच्या आकड्यांबद्दल एक. माणसांचं मीटर मांजराच्या रक्तात बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात साखर लाल पेशींत आणि पातळ भागात वेगळ्या प्रमाणात वाटलेली असते. प्राण्यांसाठीचं वेगळं मीटर मिळतं. पण नसेल तर माणसांचंही चालतं, फक्त एकच मीटर कायम वापरा म्हणजे चढउतार तरी खरा कळतो. आणि कमी दाखवतंय म्हणून कमी आकड्याकडे दुर्लक्ष करू नका, ६० च्या खाली आलं तर मीटरशी वाद घालायचा नाही, आधी साखर द्यायची.

शुगर हलती राहायची इतर कारणंही असतात: दात-हिरड्या किडणं, लघवीचं इन्फेक्शन, स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड, काही मांजरांत मेंदूतल्या ग्रंथीतून जास्त वाढ-हार्मोन. आणि मागच्या काही महिन्यांत खाजेसाठी वगैरे लाँग ॲक्टिंग स्टेरॉइड दिलंय का? ते एकटं पुरेसं असतं. पण हे सगळं शोधायच्या आधी इन्सुलिन नीट जातंय का ते पक्कं करायचं.

अक्कलकोट रोड | १९ एप्रिल, दुपारी १:१०

मांजराला इन्सुलिन? इथं माणसांना मिळत नाही. एवढ्या खर्चात दोन पोरांची फी भरून होईल.

कडक भाकरी | १९ एप्रिल, दुपारी १:४५

दादा, त्यांनी पैसे मागितले नाहीत ओ, सल्ला मागितलाय. अकरा वर्षं घरात वाढलेलं जनावर आहे. ज्याला द्यायचाय त्यानं द्यावा, नाहीतर पुढचा धागा उघडावा की.

ताई, मी पण सोलापूरचाच, विजापूर रोड. माझ्याकडं मांजर नाही, कुत्री हाय पण तिला पण शुगर हाय म्हणून लिहितोय. एक इचारतो, इन्सुलिन कुठं ठेवताय? परवापासून ४२ च्या वर चाललंय, गच्चीखालच्या खोल्या संध्याकाळी भट्टी होतात आणि आमच्याकडं तर दुपारी दोन-दोन तास लाईट नसते. मी मागच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत बाटली ठेवून सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आलो, तेवढ्यात तिचं पाणी झालं. आठ दिवस इंजेक्शन देतोय देतोय आणि शुगर चारशेच. नवी बाटली आणली तर दोन दिवसांत उतरली. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नको, गोठलं तर ते पण फेकूनच द्यायचं. लाईट गेली तर फ्रिज उघडायचाच नाही. बाहेर न्यायचं तर थर्मासमध्ये, बर्फ डायरेक्ट लागू द्यायचा नाही, फडक्यात गुंडाळून. खेड्यात आमची आजी माठाशेजारी ओल्या मातीत डबी ठेवायची, ते पण चालतं.

जुना फार्मासिस्ट | १९ एप्रिल, रात्री ९:३०

तीस वर्षं मेडिकल चालवलं, आता मुलगा बघतो. ताई, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. मला दोन प्रश्न विचारायचेत, तेवढ्याचं उत्तर द्या.

पहिला, रविवारी संध्याकाळी इंजेक्शन कोण देतं? कारण सोमवारी सकाळीच तेवढी ३५२ आहे, बाकी सगळ्या सकाळी शंभराच्या आसपास.

दुसरा, सुईची टोपी कोणत्या रंगाची आहे? सकाळची आणि संध्याकाळची, दोन्हीची सांगा. उत्तर येईपर्यंत कृपया डोस वाढवू नका.

भुऱ्याची माय | २० एप्रिल, सकाळी ११:१५

हात थरथरतायत, चुका असतील तर माफ करा.

काल घरी यायला उशीर झाला, धागा मी बघितलाच नाही. संध्याकाळी ४४६ होती म्हणून यांनी दोन युनिट दिलं. रात्री अडीचला मला आवाज आला, भांडं पडल्यासारखा. उठून बघते तर भुऱ्या पलंगाखाली, मागचे पाय पसरलेले, मान एका बाजूला ओढली जातेय, डोळे उघडे पण माझ्याकडे बघत नाहीये. हाक मारली तर कान पण हलला नाही. मीटरवर ३४.

कुठेतरी वाचलेलं एकच आठवलं, हिरड्यांना गोड. मध बोटावर घेऊन गालाच्या आतून चोळत राहिले, तोंडात ओतलं नाही. हे डॉक्टरांना फोन लावत होते, तिसऱ्यांदा उचलला त्यांनी. दहा मिनिटांनी त्याने जीभ फिरवली, ओठ चाटले. मग परत मध. वीस मिनिटांनी ५८, मग तो उठून धडपडत वाटीकडे गेला आणि चिकन खाल्लं, खाताना तोंड वाटीच्या बाहेर जात होतं. पहाटेपर्यंत दर अर्ध्या तासाने टोचलं त्या बिचाऱ्याला. सकाळी सहाला डॉक्टरांनी दवाखाना उघडून सलाईनमधून ग्लुकोज लावलं. आता शुगर २९० आहे, झोपलाय, शेपटी हलवतो हाक मारली की.

आणि काका, घरी येऊन तुमचा प्रश्न वाचला आणि मी कपाटच उपसलं.

डॉक्टरांनी दिलेल्या सुया नारिंगी टोपीच्या आहेत, माझ्या कपाटात. यांनी त्या कधी वापरल्याच नाहीत. संध्याकाळी ते अण्णांच्या डब्यातली सुई घ्यायचे, ती लाल टोपीची आहे. सुई ती सुई, असं त्यांना वाटलं, आणि मी कधी विचारलंच नाही. रविवारी मला सुट्टी असते, दोन्ही वेळा मीच देते.

जुना फार्मासिस्ट | २० एप्रिल, सकाळी ११:५०

तेच वाटलं होतं मला. आधी भुऱ्या सावरला हे ऐकून बरं वाटलं, तुम्ही रात्री जे केलंत ते अगदी बरोबर केलंत.

आता सगळ्यांसाठी नीट लिहितो कारण हे माणसांतही घडतं. आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदीत मिळतं. बाटलीवर ४० आययू लिहिलेलं असतं म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, अण्णांचं तसं असणार, त्याला लाल टोपीची सुई. भुऱ्याचं ग्लार्जिन १०० आययूचं, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, त्याला नारिंगी टोपीची. लाल सुईवरची एकची रेघ म्हणजे चाळिसावा भाग मिलिलिटर. तेवढ्या जागेत तुमचं ग्लार्जिन भरलं तर ते एक युनिट नाही, अडीच युनिट होतं. दीडची रेघ म्हणजे पावणेचार. काल दोनची रेघ भरली, म्हणजे पाच युनिट गेलं पाच किलोच्या जनावराला.

म्हणून सकाळी शंभराखाली आणि संध्याकाळी चारशे. संध्याकाळचा डोस अडीचपट, मग सकाळी कमी बघून तुम्ही अर्धा द्यायचात किंवा द्यायच्याच नाहीत, मग संध्याकाळी चढायची, मग परत लाल सुई.

उलट चूकही होते, ४० च्या बाटलीतलं नारिंगी सुईत घेतलं तर निम्म्याहून कमी जातं आणि लोक म्हणतात इन्सुलिन लागूच पडत नाही.

अजून एक. नारिंगीतसुद्धा एक मिलिलिटरवाली घेऊ नका, तिच्यावर दोन-दोन युनिटच्या रेघा असतात, एक युनिट अंदाजाने भरावं लागतं. ०.३ मिलिलिटरची, तीस युनिटवाली मागा, अर्ध्या युनिटच्या रेघांची मिळाली तर उत्तम. दुकानात नसेल तर मागवून देतात. दोन दिवस थांबायला लागलं तरी चालेल पण 'हीच चालते हो' म्हणून दिलेली घेऊन येऊ नका.

भुऱ्याची माय | २० एप्रिल, दुपारी १२:२०

मागच्या आठवड्यात माझ्या सुया संपत आल्या म्हणून एका मेडिकलमध्ये विचारलं होतं तर त्यांनी पण लालच पुढे केली होती, 'शुगरचीच आहे मॅडम'. नशीब मी रंग वेगळा दिसला म्हणून घेतली नाही. आणि घरात तीच चालू होती.

हे सकाळपासून भुऱ्याजवळून उठले नाहीत. जेवलेही नाहीत.

तीन मांजरांचं घर | २० एप्रिल, दुपारी १२:४५

त्यांना आधी जेवायला वाढा. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही पहिल्या महिन्यात मीटरच्या पट्ट्या एक्स्पायर झालेल्या वापरत होते, घरातल्या चार शिकलेल्या माणसांनी बघितलं नाही.

पुढच्या वेळेसाठी, मध किंवा ग्लुकोज पावडरचं घट्ट पाणी एका छोट्या डबीत फ्रिजवर कायम ठेवा, सगळ्यांना माहीत पाहिजे ती कुठेय. झटके येत असतील तर बोट दातांच्या मधे घालायचं नाही, ओठाच्या आतल्या बाजूला चोळायचं, पाण्यासारखं ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. शुद्धीवर आला की खायला, आणि मग डॉक्टर. एकदा वर आली म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, ग्लार्जिन अजून अंगात असतं, परत खाली जाते.

निवांत | २० एप्रिल, संध्याकाळी ५:३०

याला सोमोगी इफेक्ट म्हणतात ना? रात्री लो झाली की शरीर स्वतः साखर सोडतं आणि मग हाय दिसते. आणि दुसरं, इंजेक्शनच नको असेल तर अण्णांच्या गोळ्यांपैकी काही चालत नाही का, हल्ली लघवीवाटे साखर काढणाऱ्या गोळ्या आल्यात.

परळची विद्यार्थिनी | २० एप्रिल, रात्री ८:१०

रिबाउंड होतो, पण मांजरात ग्लार्जिनवर तो समजतात तितका सर्रास नसतो. हाय आकडा दिसला की लगेच सोमोगी म्हणून डोस कमी करत बसलं तर खरं कारण राहून जातं. इथे कारण सुईच्या टोपीत होतं.

गोळ्यांबद्दल मात्र ठाम सांगते, अण्णांची कुठलीही गोळी भुऱ्याला नाही. तुम्ही म्हणताय त्या गटातली मांजरांसाठीची औषधं अमेरिकेत आली आहेत, बेक्साग्लिफ्लोझिनला २०२२ च्या डिसेंबरमध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी तब्येत ठीक असलेल्या मांजरांसाठी आहेत. त्यात शुगर नॉर्मल दिसत असतानाच किटोॲसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे मीटर बघून तुम्ही निश्चिंत आणि आत रक्त आंबट होतंय. माणसांची गोळी तुकडा करून देणं म्हणजे जुगार.

लघवीत किटोन तपासायची पट्टी मात्र घरात ठेवा. ट्रेमध्ये माती थोडीच घालून किंवा चमचा धरून लघवी मिळते. मांजर खात नाही, उलट्या, मलूल पडलंय आणि पट्टी रंग बदलतेय असं झालं की रात्र असो दिवस असो दवाखाना, ते घरी बरं होत नाही.

भुऱ्याची माय | २२ एप्रिल, रात्री १०:३०

डॉक्टरांशी अर्धा तास बोलले, वही दाखवली, सुयांचं सांगितलं. त्यांनी परत पहिल्यापासून: दोन दिवस काही नाही, फक्त बघायचं, मग १ युनिट दोन वेळा, नारिंगी तीस युनिटवाली, सात दिवस आकडा काहीही येवो वाढवायचं नाही. २०० च्या खाली असेल तर फोन. इन्सुलिनचं कार्ट्रिज पण नवीन घेतलं, जुनं फ्रिजच्या दारात होतं आणि आमचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं. अण्णांच्या डब्यावर मी मार्करने मोठं 'अण्णा' लिहिलंय आणि भुऱ्याच्या डब्याला नारिंगी रिबीन बांधलीये.

आता खाण्याचं विचारते. ड्राय फूड खातो, पाकिटावर प्रोटीन ३२ टक्के लिहिलंय, मग चांगलंच ना?

तीन मांजरांचं घर | २२ एप्रिल, रात्री ११:०५

पाकिटावर कार्ब लिहीत नाहीत, ते आपणच काढायचं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, ॲश (म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा करा. समजा ३२, १०, ४, ८ आणि १०, झाले ६४, उरले ३६. म्हणजे वाटीतला एक तृतीयांशाहून जास्त भाग पिष्ट. गव्हाची पोळी खातोय म्हणा ना. डायबेटिक मांजराला कार्बमधून येणाऱ्या कॅलरी साधारण बारा टक्क्यांच्या आत असाव्यात असं म्हणतात, म्हणून पाऊचमधलं ओलं, ग्रेव्ही नसलेलं, पाटे प्रकारचं (बारीक वाटलेलं, घट्ट) बघा. ग्रेव्हीत पीठ असतं.

नुसतं उकडलेलं चिकन पण कायम नको, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही आणि टॉरीन (मांसातून मिळणारं अमिनो आम्ल) कमी पडतं. टॉरीनअभावी मांजराचं हृदय कमजोर होतं हे १९८७ मध्येच सिद्ध झालंय, डोळेही जातात.

आणि हे ठळक वाचा: खाणं एका दिवसात बदलू नका आणि डॉक्टरांना न सांगता तर अजिबात नको. कार्ब कमी केले की इन्सुलिनची गरज झपकन उतरते, तोच १ युनिट मग जास्त होतो आणि परत ती रात्र. आमच्या बोक्याला ओल्या खाण्यावर आणल्यावर चार महिन्यांत इन्सुलिन पूर्ण सुटलं होतं. दीड वर्षाने परत लागलं, तेही सांगते. पण ते दीड वर्ष फार सुखाचं गेलं. लवकर आणि नीट कंट्रोल केलं तर मांजरात असं होऊ शकतं.

कडक भाकरी | २३ एप्रिल, सकाळी ८:००

ताई, राग मानू नका, घरात कुणी गुपचूप काही देतंय का ते पण बघा. आमच्याकडं आई कुत्रीला चहातली बिस्किटं देत होती, सहा महिन्यांनी कळालं.

भुऱ्याची माय | २४ एप्रिल, रात्री ९:५०

दादा, तुम्ही लिहिलंत म्हणून मी काल दुपारी सुट्टी टाकून घरी थांबले.

चार वाजता अण्णा उठले, स्वयंपाकघरात गेले, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली, वर थोडी साय, आणि बशी घेऊन गॅलरीत बसले. भुऱ्या आधीच तिथे जाऊन बसलेला. एक घास अण्णांचा, एक भुऱ्याचा. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून हे रोज चाललंय म्हणे. मला कधी दिसलंच नाही, मी चारला घरी नसते.

मी काहीच बोलले नाही तेव्हा. रात्री यांनी त्यांना शांतपणे सांगितलं. अण्णा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "माझ्यामुळं झालं का गं?" मी म्हटलं नाही अण्णा, वय झालं, वजन वाढलेलं, नसबंदी झालेले बोके जाडजूड झाले की त्यांना होतोच हा. पण आता तुम्हाला पथ्य तसं त्यालाही पथ्य. त्यांनी मान हलवली. आज चार वाजता गॅलरीत बशीत उकडलेलं चिकन बोटाने तोडून देत बसले होते, स्वतः कधी मांसाला हात लावला नाही त्यांनी जन्मात.

जुना फार्मासिस्ट | २४ एप्रिल, रात्री १०:२०

वाचून डोळे भरून आले. अण्णांना माझा नमस्कार सांगा. चारच्या खाण्याचं डॉक्टरांना कळवा फक्त, म्हणजे हिशेबात धरतील.

भुऱ्याची माय | २ मे, रात्री ९:१५

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती म्हणून घरीच कर्व्ह केला. सकाळी ७ ला २६८, नऊला २३१, अकराला १७४, एकला १३८, तीनला १२१, पाचला १६३, सातला २४०. बारा तासांत एकदाही शंभराखाली नाही आणि एकदाही तीनशेवर नाही. डोस तोच, १ युनिट, आठवडाभर बदललेला नाही. डॉक्टर म्हणाले हेच चालू ठेवा, पंधरा दिवसांनी परत कर्व्ह.

कान टोचायची पद्धत विचारत होतं कुणीतरी व्यनित (व्यक्तिगत निरोपात), इथेच लिहिते. कानाच्या बाहेरच्या कडेला जी शीर दिसते तिच्या अगदी शेजारी टोचायचं. आधी पायमोज्यात कोमट तांदूळ भरून कानाला लावते, आता मे मध्ये त्याचीही गरज पडत नाही. कडेला पुसटसं व्हॅसलीन, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, मण्यासारखा उभा राहतो. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर आपल्याच बोटाला टोचतं. झाल्यावर कापूस दाबून वीसपर्यंत मोजायचं. आणि दर वेळी, शुगर काहीही येवो, एक तुकडा सुकवलेलं चिकन. आता मीटरची डबी वाजली की स्वतःच येऊन बसतो.

इंजेक्शन मानेपाशी न देता कुशीकडे देतो, रोज बाजू बदलून. एकदा सुई केसांतून आरपार गेली आणि हात ओला झाला, तेव्हा परत दिलं नाही. किती आत गेलं माहीत नसताना दुसरं द्यायचं नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

निवांत | ३ मे, सकाळी ७:४०

ताई सेन्सर लावायचा विचार केलात का? माणसांचा तो दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा.

परळची विद्यार्थिनी | ३ मे, सकाळी ११:३०

लावतात मांजरांनाही, पाठीवर किंवा बरगडीवर केस भादरून. टोचाटोच वाचते आणि रात्रीचंही कळतं. पण मांजरांत बऱ्याचदा चौदा दिवसांच्या आधीच निघून येतो, आणि तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो त्यामुळे रक्तातल्यापेक्षा थोडा मागे चालतो. सेन्सरवर कमी दाखवलं तर एकदा कानातून खात्री करायची, मांजर डळमळत असेल तर मात्र खात्री करत बसायचं नाही, आधी मध. सोलापुरात कुणी लावून देत नसेल तर पुण्यात, नाहीतर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा.

अक्कलकोट रोड | ३ मे, दुपारी २:००

ताई, त्या दिवशी मी जे लिहिलं ते नको लिहायला होतं. धागा पूर्ण वाचला. माझ्या आईच्या सुया जाऊन बघितल्या, बाटली ४० ची आणि सुई नारिंगी निघाली. दोन महिने शुगर का उतरत नाही म्हणून गोळ्या वाढवत होतो आम्ही. उद्या डॉक्टरांकडे नेतोय.

जुना फार्मासिस्ट | ३ मे, दुपारी २:२५

आता लगेच लाल सुई घेऊन तोच आकडा भरू नका बरं का. इतके दिवस निम्म्याहून कमी जात होतं, सुई बदलली की एकदम अडीचपट जाईल, वर गोळ्या वाढवलेल्या आहेत. डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि शक्य असेल तर उद्यापर्यंत थांबू नका, आजच फोन लावा.

अक्कलकोट रोड | ३ मे, दुपारी २:५०

लावला काका. संध्याकाळी बोलावलंय.

भुऱ्याची माय | १३ जून, सकाळी ७:३०

धागा वर काढतेय. काल रात्री पाऊस झाला, पहिल्यांदा गार वाटतंय.

वजन पाच किलो पाचशे. पाणी आता दिवसाला एकच वाटी पितो, बादलीकडे बघत पण नाही. डोस मे अखेरीला अर्ध्या युनिटवर आणला डॉक्टरांनी, ओलं खाणं पूर्ण लागू झाल्यावर सकाळच्या शुगर १३०-१४० यायला लागल्या म्हणून. अर्ध्या रेघेच्या सुया पुण्याहून मागवल्या. दोन दात काढावे लागले, त्यानंतर तर आकडे अजूनच सरळ झाले. टाचा अजून थोड्या टेकतात, उजवा पाय जास्त.

सकाळी सातला आता घरात एकच वेळ आहे. अण्णा खुर्चीत बसतात, भुऱ्या त्यांच्या मांडीवर. आधी हे अण्णांना लाल टोपीची देतात, मग मी भुऱ्याला नारिंगी. वहीत दोघांची पानं समोरासमोर आहेत, अण्णा स्वतःच लिहितात. आज त्यांनी भुऱ्याच्या पानावर १३६ लिहिलं, खाली वेळ लिहिली, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, "पहाटे खिडकीच्या कट्ट्यावर चढला. एकाच उडीत."